शाळेत काउन्सेलर व्हायचंय? आधी स्टाफरूममधे खुर्ची मिळवा

दरवर्षी मे संपत आला की मला मेसेज सुरू होतात, ताई सायकॉलॉजीत एमए झालंय, शाळेत काम करायचंय, कुठून सुरुवात करू. प्रत्येकीला तेच तेच व्हॉइस नोटमधे सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतेय, आता लिंक पाठवत जाईन. मी मुंबईच्या उपनगरात अकरा वर्षं हे काम करतेय, तीन शाळा झाल्या, दोन प्रायव्हेट इंग्लिश मीडियम आणि मधली चार वर्षं एक अनुदानित मराठी शाळा. त्यामुळे खालचं सगळं शहरातल्या शाळांबद्दल आहे, आश्रमशाळेत किंवा गावच्या झेडपी शाळेत चित्र वेगळं असतं, तिथे हे जसंच्या तसं चिकटवू नका.

पहिलं नावाचं बघू. अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्ट ही वेगळी पोस्ट असते, त्यासाठी वेगळी डिग्री आणि लायसन्स लागतं, आणि ५०० मुलांमागे एक असावा असं तिथली त्यांची संघटना सांगते. आपल्याकडे तसं वेगळं लायसन्स नाही. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'स्कूल काउन्सेलर', आणि जॉइन झाल्यावर कळतं की त्यात करिअर गायडन्स, लाइफ स्किल्सचे तास, अॅन्युअल डेचं सूत्रसंचालन, आणि कोणी टीचर रजेवर गेली की प्रॉक्सी, असं सगळं आलं. माझ्या पहिल्या वर्षी मी सातवीला भूगोल शिकवलाय. चांगला नाही शिकवला.

शिक्षणाचं. बहुतेक शाळा सायकॉलॉजीत एमए किंवा एमएससी मागतात, काउन्सेलिंग किंवा क्लिनिकल स्पेशलायझेशन असलं तर उत्तम. मुंबईत कलिना कॅम्पसला अप्लाइड सायकॉलॉजी आहे, एसएनडीटी आहे, टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे. ज्यांचं एमए वेगळ्या स्पेशलायझेशनमधलं आहे किंवा जे आधीपासून शिक्षक आहेत त्यांच्यासाठी एनसीईआरटीचा गायडन्स आणि काउन्सेलिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, आपल्याला जवळचं सेंटर म्हणजे भोपाळ, त्यात काही महिने घरून आणि काही काळ तिकडे जाऊन करावा लागतो. हे झालं की काउन्सेलर म्हणून तुम्ही लागू शकता. पण स्वतःच्या नावापुढे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावायचं तर आरसीआय म्हणजे पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याशिवाय लावू नका, व्हिजिटिंग कार्डवर पण नको आणि इन्स्टावर तर अजिबात नको. तिथले कोर्सेस सध्या बदलतायत, एमफिल जाऊन दुसरे येतायत, त्यामुळे कोणा सिनियरचं ऐकून फी भरण्याआधी आरसीआयच्या साइटवरची यादी स्वतः बघा. २०२१ मधे अलाइड हेल्थचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्याची इतर कामं करणाऱ्यांचा, एक कायदा पण झालाय, क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट त्याच्या यादीत येतात, म्हणजे पुढेमागे सगळ्यांनाच रजिस्टर व्हावं लागणार. सर्टिफिकेटं, मार्कशीट, इंटर्नशिपचे तास लिहिलेली पत्रं एका फाइलमधे जपून ठेवा.

नोकऱ्या आहेत का? आधीपेक्षा आहेत. जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचा. सीबीएसईच्या नियमात काउन्सेलर आणि स्पेशल एज्युकेटर आधीपासूनच आहेत. त्यातून झालंय असं की काही शाळांना माणूस कागदावर दाखवायचाय आणि काही शाळांना खरंच हवाय, आणि ह्यातला फरक इंटरव्ह्यूमधेच ओळखायचा असतो. माझी सोपी युक्ती, त्यांनी प्रश्न विचारून झाले की आपण विचारायचं, मला बसायला कुठे मिळेल आणि त्या खोलीला दार आहे का. एका ठिकाणी मला स्पोर्ट्स रूम दाखवली होती, त्यात बॅटी, जाळी आणि चुन्याची पोती, आणि पीटी सर दर दहा मिनिटांनी बॉल घ्यायला येणार. मी नाही म्हटलं. तुम्हाला पहिल्याच नोकरीत नाही म्हणणं परवडेलच असं नाही, ते मला कळतं, पण मग निदान दारावर लावायला 'आत कोणीतरी आहे' अशी पाटी तरी मागून घ्या.

पहिला महिना: खोलीत बसू नका

आता मुद्द्याचं. नवीन मुली काय करतात, खोली सजवतात. फीलिंग्जचा चार्ट, बीन बॅग, फेअरी लाइट्स. आणि मग वाट बघत बसतात. कोणी येत नाही, आणि येतं ते 'पाठवलेलं' मूल, म्हणजे वर्गात शिक्षा म्हणून 'जा काउन्सेलरकडे' असं सांगून हाकललेलं. असं दोन आठवडे झालं की अख्ख्या शाळेत तुमची खोली म्हणजे ऑफिसची धाकटी बहीण. पोरं एकमेकांना चिडवतात, तुला मेंटलवाल्या टीचरनी बोलावलंय.

म्हणून पहिला महिनाभर खोलीला कुलूप घाला, शाळा फिरा. डबा स्टाफरूममधे खा, रोज, आणि शक्यतो जी टीचर सगळ्यात जास्त वैतागलेली आहे तिच्या शेजारी. गेटवरच्या वॉचमन काकांना, शिपाई मावशींना, स्कूल व्हॅनवाल्याला नावाने ओळखा. कोणतं मूल सुट्टीनंतर एक तास गेटवर उभं असतं, कोणाला घ्यायला रोज वेगळाच माणूस येतो, कोण मधल्या सुट्टीत बाथरूममधेच बसून राहतं, हे मावशींना माहीत असतं, रिपोर्ट कार्डावर नसतं. मागच्या बाकावर बसून वर्ग बघा. परवानगी घेऊन बघा अर्थात, आणि आधीच सांगा की मी मुलांना बघतेय, तुमच्या शिकवण्याला नाही, नाहीतर टीचर बिचारी घामाघूम होते आणि तुमच्याशी वर्षभर नीट बोलत नाही.

ह्याचा फायदा काय ते एका उदाहरणाने सांगते (तपशील बदललेत, नेहमी बदलावेत). सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला तो 'लक्ष देत नाही, बहुतेक एडीएचडी आहे' असं चिठ्ठीवर लिहून. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याची, अतिचंचलपणाची अडचण, टीचरनी गूगल केलेलं होतं. मी तीन दिवस वर्ग बघितला, पहिले दोन तास पोरगा ठणठणीत, तिसऱ्या तासापासून डोळे मिटायला लागतात, मग जागं राहायला म्हणून तो चुळबुळ करतो, पेन्सिली पाडतो, पुढच्याला टोचतो. विचारलं तर कळलं चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं, आई दुसऱ्याकडे कामाला जाते म्हणून भरायचं काम ह्याचं. एडीएचडी वगैरे काही नव्हतं, झोप नव्हती. आईशी बोलून आठवड्यातले तीन दिवस मोठ्या बहिणीने भरायचं ठरलं आणि टीचरनी त्याला फळा पुसणं, वह्या वाटणं अशी उठायची कामं तिसऱ्या तासाला दिली, बस. ह्याला थेरपी म्हणत नाहीत, पण शहरातल्या शाळेत आपलं निम्मं काम हेच आहे.

तसंच एकदा आठवीतल्या सहा मुली दुपारी डोकं दुखतं म्हणून रोज सिक रूममधे. सगळ्यांना वाटलं परीक्षेचं टेन्शन. निघालं काय, मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलेली, म्हणून पोरी सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. कडी लावून घ्यायला मला अकरा दिवस आणि चार अर्ज लागले. तेव्हा मुलांच्या डोक्यात शिरायच्या आधी बाथरूममधे शिरून या.

मूल समोर बसलं की

पहिलं वाक्य, तू काही चूक केली म्हणून इथे नाहीयेस. दुसरं, तू सांगशील ते मी टीचरला किंवा घरी सांगणार नाही, पण तीन गोष्टी मला सांगाव्याच लागतील, तू स्वतःला काही करणार असशील, दुसऱ्या कोणाला काही करणार असशील, किंवा कोणी तुला त्रास देत असेल. हे आधी सांगायचं, मूल बोलून गेल्यावर नाही. अर्ध्यात सांगितलंत तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे.

भाषा. महापालिकेच्या शाळा मुंबईत आठ माध्यमांत चालतात, आणि इंग्लिश मीडियमच्या एकाच वर्गात घरी मराठी, भोजपुरी, तमिळ, उर्दू बोलणारी पोरं असतात. मूल रडताना ज्या भाषेत बोलतं तीच आपली सेशनची भाषा. माझी हिंदी बंबैया आहे, पोरं हसतात, हसू देत. 'तुला कसं वाटतंय' ह्याला नव्वद टक्के वेळा उत्तर 'काही नाही' हेच येतं, त्यापेक्षा काल संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत काय काय झालं ते सांग म्हणा, त्यात सगळं येतं, कोण कधी घरी आलं, कोण ओरडलं, जेवण कोणी केलं.

आणि पुस्तकातले सल्ले देताना घराचा आकार लक्षात घ्या. मी नवी असताना एका आईला सांगितलं होतं, अभ्यासाला त्याला एक शांत कोपरा द्या. ती हसली, म्हणाली मॅडम कोपरा एकच आहे आणि तिथे गॅस आहे. तेव्हापासून मी विचारते, घरात किती जण, झोपता कसे, टीव्ही किती वाजता बंद होतो, जवळ अभ्यासिका किंवा समाजमंदिर आहे का. शाळा सुटल्यावर एक वर्ग तासभर उघडा ठेवायला मुख्याध्यापकांना पटवता आलं तर पटवा.

एलडीचं प्रकरण

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता. शहरात तुमच्याकडे सगळ्यात जास्त येणार ते हे. तोंडी विचारलं तर पोपटासारखं उत्तर, पेपर कोरा. मराठीत घ-ध, भ-म ची अदलाबदल, काना-मात्रा गायब, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे. पण लगेच लर्निंग डिसॅबिलिटी म्हणू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, खरंच, मी चष्म्याचा नंबर असलेली मुलं एलडी म्हणून पाठवलेली पाहिलीत. मग बघा की घरात इंग्लिशचं एक अक्षर नाही आणि पहिली पिढी इंग्लिश मीडियमला आहे का, ती अडचण वेगळी, तिला भाषेचा जास्तीचा तास लागतो, सर्टिफिकेट नाही. मग टीचर आणि तुम्ही मिळून काही महिने जादा मदत करून बघा, फरक पडला तर छान.

नाही पडला तर टेस्टिंग. बिने-कामत आणि मॅलिनची एमआयएसआयसी ह्या बुद्ध्यांकाच्या टेस्ट, बंगळुरूच्या निम्हान्सची एलडी तपासायची बॅटरी, ही नावं तुम्हाला एमएला भेटलेली असतील. कामतांनी बिनेची टेस्ट मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती हे कौतुकाचंच, पण कुठलाही आयक्यूचा आकडा बघताना टेस्ट कधीची, कोणत्या भाषेत घेतली, आणि मूल त्या दिवशी उपाशी होतं का हे बघा. आणि तो आकडा स्टाफरूममधे कोणालाही सांगायचा नाही, कोणालाही म्हणजे कोणालाही. एकदा 'अठ्ठ्याहत्तरवाला' असं नाव पडलं की दहावीपर्यंत पुसत नाही.

स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. बोर्डाच्या सवलतींसाठी तुमचा किंवा खाजगी क्लिनिकचा रिपोर्ट चालत नाही, सरकारमान्य हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईत सायन, नायर, केईएमला ते काम होतं. साधारण आठ वर्षांच्या आत निदान करत नाहीत, पण म्हणून नववीच्या दिवाळीपर्यंत थांबायचं असा त्याचा अर्थ नाही. शहरभराची मुलं तिथे येतात, दोन-चार फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला आईची रोजंदारी बुडते. पाचवी-सहावीत सुरुवात करा. बरोबर शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांचे निकाल आणि उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स द्या, लाल पेनाच्या खुणांसकट. हे पालकांना कोणी सांगत नाही आणि मग ते परत पाठवले जातात. सर्टिफिकेट आलं की जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट, गणिताला पर्याय अशा सवलती मिळू शकतात, पण त्यासाठी शाळेने बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा असतो, आणि तो ऑफिसच्या टेबलावर पडून राहू नये म्हणून क्लार्क दादांच्या मागे लागणं हे पण तुमच्याच जॉब प्रोफाइलमधे आलं असं समजा.

जिथे चूक चालत नाही

दोन गोष्टी. एक, पॉक्सो, २०१२ चा कायदा. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं की कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला तर शिक्षा जास्त, एक वर्षापर्यंत. आपण तपास करायचा नाही. 'नक्की झालं का, परत सांग, कुठे हात लावला दाखव' हे काही नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून लिहा, 'विश्वास आहे माझा तुझ्यावर' एवढं म्हणा, आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर करायचं नाही, तो घरातलाच असेल तर आधी घरी फोन लावायचा नाही. १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाल कल्याण समिती कुठे बसते ते आजच शोधून ठेवा, घटना घडल्यावर नाही. 'शाळेचं नाव खराब होईल, आपण आपसात बघू' हे वाक्य तुम्ही कधीतरी ऐकणार. मी ऐकलंय. तेव्हा आवाज चढवू नका, कलम छापलेला कागद पुढे सरकवा, माझ्या ड्रॉवरमधे तो कायम लॅमिनेट केलेला असतो.

दोन, मरायची भाषा. 'जगून काय करू' असं मूल म्हणालं किंवा वहीत लिहिलं तर सरळ विचारा, मरायचा विचार येतो का, कसं करायचं ठरवलंयस का. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट मूल सुटकेचा श्वास टाकतं, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. ठरवलंय म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमला पण सोबत, पालक येईपर्यंत बस पकडायची नाही आपण. पालकांना घरातल्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध, गच्चीची किल्ली ह्यांबद्दल स्पष्ट बोला आणि त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट. रात्रीसाठी टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या, मराठीत बोलतात, चोवीस तास. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेटवर उभं राहून मूल आलंय का बघा.

पालक

पीटीएमच्या, म्हणजे पालक-शिक्षक भेटीच्या दिवशी काही महत्त्वाचं बोलू नका, मागे लाइन असते आणि शेजारच्या आईचे कान आपल्या टेबलावर. वेगळं बोलवा, आणि वेळ त्यांची बघून. सिक्युरिटीत रात्रपाळी करणारा बाबा सकाळी सातला येऊ शकतो, अकराला नाही. 'माझा पोरगा वेडा आहे का' हा प्रश्न येणारच, त्यावर लेक्चर देऊ नका. मी एवढंच म्हणते की ताप आला तर डॉक्टरकडे जातो ना, झोप उडाली तर पण जायचं. आधी मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगा, खरी सांगा, पालकांना खोटं लगेच कळतं. स्वतःचा नंबर मात्र देऊ नका, एक वेगळं सिम घ्या, दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री मला एकदा सत्तावीस मिस्ड कॉल होते.

नोंदी थोडक्यात ठेवा आणि कुलपात. मूल काय बोललं, तुम्ही काय केलंत, पुढची तारीख. 'आई भांडखोर वाटते' असली मतं लिहू नका, फाइल उद्या कोर्टात जाऊ शकते.

स्वतःसाठी सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासमोर आपल्या केस मांडून मार्गदर्शन घेणं, हवंच. शाळेत तुम्ही एकट्याच असता, केसबद्दल बोलायला कोणी नसतं, नवऱ्याला सांगता येत नाही आणि सांगूही नये. आम्ही पाच शाळांमधल्या काउन्सेलर महिन्यातून एका शनिवारी भेटतो, नावं न घेता केस मांडतो, एक सिनियर मॅडम आहेत त्या फाडून खातात, मग चहा. ठाण्यात आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, पुण्यात ज्ञान प्रबोधिनी अशा संस्थांमधे मानसशास्त्राचं काम वर्षानुवर्षं चाललंय, त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवा, तिथेच अशी मंडळी भेटतात.

शेवटी पैशाचं, कारण ते विचारायला सगळ्या लाजतात. माझा पहिला पगार १६ हजार होता, आणि कॉन्ट्रॅक्ट दहा महिन्यांचं, म्हणजे मे-जूनचे पैसे नाहीत, हे मला मे मधे कळलं. तेव्हा सही करायच्या आधी विचारा, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, सुट्टीचा पगार आहे का, पीएफ कापतात का, आठवड्याला प्रॉक्सीचे तास जास्तीत जास्त किती, आणि शाळा सुटल्यावर बाहेर प्रायव्हेट प्रॅक्टिस चालेल का. त्याच शाळेतल्या मुलाची प्रायव्हेटमधे फी घ्यायची नाही हा नियम मात्र आपला आपण पाळायचा, शाळेने सांगितलं नसलं तरी. आणि ह्यातली जी उत्तरं हो असतील ती कागदावर लिहून मागा. अर्ज जानेवारीतच टाकायला लागा, जूनमधे मला मेसेज करून उपयोग नाही, तोपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात.